क्रेप मर्टलला फुलं का येत नाहीत, आणि त्याच्या काड्या कधी लावायच्या

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तीन वर्षांपूर्वी आणलेलं क्रेप मर्टल, पहिल्या वर्षी गुलाबी फुलांनी नुसतं लगडलं होतं आणि नंतरची दोन वर्षं फक्त पानं, त्यातही पानांवर पांढरी पावडर. थंडीत अख्खं उघडं पडतं म्हणून दरवेळी मेलं की काय अशी भीती वाटते. वर त्याच्या काड्या लावून बघितल्या तर त्या सगळ्या बुडाशी काळ्या पडून कुजल्या. मी वीसेक वर्षं ही झुडपं वाढवतेय, काड्यांपासून केलेली रोपं तर किती झाली त्याचा हिशोबच ठेवला नाही, आणि तुमचे चारही प्रश्न मला एकाच गोष्टीपाशी येताना दिसतायत. या झुडपाचं सगळं फांदीच्या वयावर चालतं. कुठली फांदी यंदाची, कुठली गेल्या वर्षीची आणि कुठली त्याहून जुनी हे हाताला कळायला लागलं की फुलं कुठे येणार, कात्री कुठे लावायची आणि कलमाला कुठली काडी घ्यायची हे आपोआप कळतं.

आधी झाडाशी ओळख. शास्त्रीय नाव लॅगरस्ट्रोमिया इंडिका, हिंदीत याला सावनी म्हणतात. नावात इंडिका असलं तरी हे मूळ चीन आणि आग्नेय आशियाच्या बाजूचं. लॅगरस्ट्रोमिया हे नाव लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५९ साली मॅग्नस फॉन लॅगरस्ट्रोम या स्वीडिश माणसाच्या नावावरून ठेवलं, तो स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता आणि लिनियसला पूर्वेकडची झाडं मिळवून द्यायचा. आपलं ताम्हण याचं सख्खं भावंड, दोघंही लॅगरस्ट्रोमियाच, आणि मेंदी, डाळिंब, धायटी हे सगळे त्याच कुळातले. डाळिंबाची फुलं आठवा, त्या पाकळ्या कशा चुरगळलेल्या कागदासारख्या असतात, तसंच इथे आहे. एक फूल तोडून हातावर घेऊन बघाच. सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळी एका बारीक दांडीवर उभी आणि वर झालरीसारखी मुरडलेली, मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुपका आणि त्याच्या बाहेर सहा लांब वाकडे पुंकेसर वेगळे. मधमाशी मधल्या पिवळ्या परागासाठी येते, ती खात असताना बाहेरचे सहा तिच्या अंगाला परागकण लावतात आणि पुढच्या फुलाचं काम होतं. इतकी वर्षं झाली तरी मी अजून फुलं आली की पाच मिनिटं तिथे उभी राहतेच.

आता फांदी वाचायची कशी ते सांगते. यंदा फुटलेली फांदी हिरवी किंवा तांबूस असते, ती दोन बोटांत धरून गोल फिरवा, चार कडा लागतात, म्हणजे काडी चौकोनी असते. गेल्या वर्षीची फांदी गोल आणि फिकट तपकिरी झालेली असते. त्याहून जुन्या खोडावरची साल पापुद्र्यासारखी निघून पडते आणि खालून एकदम गुळगुळीत, ठिपक्याठिपक्यांचं खोड दिसतं. जपानीत या झाडाला सारुसुबेरी म्हणतात, म्हणजे माकडसुद्धा घसरेल असं. साल निघायला लागली म्हणून रोग आलाय असं समजून लोक औषध मारतात, ते करू नका, ती या झाडाची रीतच आहे.

फुलं येतात ती फक्त त्या चौकोनी, यंदाच्या फांदीच्या शेंड्यावर. जुन्या लाकडावर थेट फूल येत नाही. म्हणजे भरपूर फुलं हवी असतील तर झाडाने दर हंगामात जोमदार नवीन फूट काढली पाहिजे आणि त्या फुटीला भरपूर ऊन मिळालं पाहिजे. तुम्ही फोटोत दाखवलेली जागा बघितली, भिंतीच्या आडोशाला आणि वर दुसऱ्या झाडाची सावली. पहिल्या वर्षी आलेली फुलं ही नर्सरीतल्या उन्हाची कमाई होती असं माझं मत आहे. या झाडाला दिवसाचं कमीत कमी सहा तास थेट ऊन लागतं, आठ मिळालं तर उत्तम. सावलीत ते मरत नाही, लांबलचक लुकड्या फांद्या काढतं, पानं भरपूर करतं आणि फुलायचं टाळतं. तुमचं झाड अजून लहान आहे, तेव्हा पानगळ झाल्यावर मुळांचा मोठा गड्डा धरून उन्हात हलवा, खत-औषधाने हा प्रश्न सुटणार नाही.

दुसरं कारण खत. लॉनला घालता तेच खत यालाही घालता असं तुम्ही लिहिलंय, त्यात नत्र भरपूर असतं. जास्त नत्राने पानं मऊ लुसलुशीत होतात, फुलं मागे पडतात आणि मऊ पानांवर भुरी (तीच पांढरी पावडर) आणि मावा (रस शोषणारी बारीक कीड) दोन्ही तुटून पडतात. जमिनीतल्या झाडाला वर्षातून एकदा, पानं फुटायच्या सुमाराला, बुंध्यापासून थोडं लांब कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट दोन-तीन घमेली घाला आणि वरून पालापाचोळ्याचं आच्छादन करा, बास. कुंडीत असेल तर हंगामात दोन-तीनदा थोडं थोडं संतुलित खत चालतं. माती थोडी आम्लधर्मी आवडते, पीएच साधारण ५ ते ६.५, चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागतात, तेव्हा लोह कमी पडतंय असं समजायचं. पाण्याचा निचरा मात्र हवाच. पहिली दोन वर्षं नियमित खोल पाणी द्या, नंतर हे झाड कोरड सहन करतं, पण कळ्या धरताना एकदम कोरडं पडलं तर कळ्या गळतात.

पांढरी पावडर म्हणजे भुरी. बहुतेक बुरशांना पान ओलं लागतं, भुरीला तसं लागत नाही, पानावर पाणी साचलेलं तिला उलट मानवतच नाही. तिला हवी दमट कोंदट हवा आणि सावली, म्हणजे तुमची भिंतीकडची जागा. उन्हात आणि वाऱ्यात झाड गेलं की अर्धी भुरी तिथेच संपते. उरलेल्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक लेबलवरच्या प्रमाणात फवारा, पण तापमान ३२ अंशाच्या वर असेल तर नको, पानं करपतात, आणि कडुनिंबाचं तेल किंवा दुसरं कुठलंही तेल फवारलं असेल तर मधे दोन आठवडे तरी जाऊ द्या. कोवळ्या शेंड्यांवर कळ्याच वेड्यावाकड्या झाल्या असतील तर तेवढे शेंडे कापून टाकलेले बरे.

तुम्हाला नवीन जात घ्यायची असेल तर भुरीला दाद न देणाऱ्या जाती आहेत आणि त्यांची गोष्ट मला फार आवडते. जपानच्या याकुशिमा बेटावर याचा एक नातलग सापडतो, लॅगरस्ट्रोमिया फॉरिई, पांढऱ्या फुलांचा आणि दालचिनीच्या रंगाच्या सालीचा. १९५० च्या दशकात जॉन क्रीच या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचं बी अमेरिकेत नेलं आणि त्याला भुरी फारशी लागत नाही हे लक्षात आलं. मग तिथल्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानातले डोनाल्ड इगॉल्फ यांनी त्याचा आपल्या नेहमीच्या क्रेप मर्टलशी संकर केला, वर्षानुवर्षं निवड केली, आणि १९७८ मध्ये नॅचेझ आणि मस्कोगी या जाती बाहेर आल्या. नंतरच्या बऱ्याच जातींना त्यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातींची नावं दिली. नॅचेझ पांढरी फुलणारी, खूप उंच जाते, सात-आठ मीटर सहज, म्हणून लहान बागेत लावताना विचार करा. कुंडीसाठी मीटरभर उंचीच्या बुटक्या जाती मिळतात, त्याच घ्या, उंच जात कापून कापून बुटकी ठेवायचा हट्ट नको.

आणि इथेच छाटणीचा विषय येतो. नवीन फुटीवर फुलं येतात हे ऐकलं की लोक दरवर्षी सगळं झाड एकाच उंचीवर सपासप कापतात. फुलं येतात, नाही असं नाही, पण कापलेल्या प्रत्येक टोकातून आठ-दहा लांब फोक सुटतात, त्यांचा खोडाशी सांधा कच्चा असतो, त्यावर मोठाले तुरे येतात आणि एक चांगला पाऊस झाला की सगळं वजनाने खाली लोळतं. तिथेच पुन्हा पुन्हा कापल्याने फांदीच्या टोकाला मुठीसारख्या गाठी तयार होतात. माझ्याकडे असं एक झाड आलं होतं, आधीच्या मालकांनी बागकामाचं कंत्राट दिलेलं आणि कितीतरी वर्षं कमरेच्या उंचीवर कापलेलं. प्रत्येक गाठीतले सगळे फोक काढून फक्त एक किंवा दोन, बाहेरच्या दिशेने जाणारे जोमदार ठेवले, बाकीचे पुन्हा फुटले की हाताने मोडत गेले. पहिल्या हंगामात झाड विचित्रच दिसलं. दुसऱ्या हंगामात ठेवलेले फोक अंगठ्याएवढे जाड झाले, तिसऱ्या हंगामात तुरे वर उभे राहिले, पावसातसुद्धा. गाठी अजून दिसतात, पण लक्ष जात नाही आता.

तुमच्या झाडाला एवढं करायची गरज नाही. थंडी सरताना, डोळे फुगायच्या जरा आधी, बुंध्यातून निघालेल्या फांद्यांपैकी तीन ते पाच चांगल्या खोड म्हणून ठेवा. बाकीचे मुनवे (बुंध्यापाशी फुटलेले कोंब), एकमेकांना घासणाऱ्या फांद्या, आत वळलेल्या फांद्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काटक्या काढा. थंडीच्या तोंडावर छाटणी करू नका, झाड कोवळी फूट काढतं आणि जिथे हिमकण पडतात तिथे ती जळते. पहिला बहर संपला की सुकलेला तुरा तेवढा खालच्या पानाच्या जरा वर कापला तर महिना-दीड महिन्यात दुसरा बहर येतो, पहिल्यापेक्षा छोटा पण येतो. बी हवं असेल तर काही तुरे ठेवा.

मावा आला तर पानं चिकट होतात आणि त्या चिकट्यावर काळी काजळी चढते. लोक काजळीसाठी बुरशीनाशक मारतात, मूळ कारण मावा आहे, पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसाआड मारा, आणि मावा खाणारे ठिपक्यांचे भुंगे दिसत असतील तर औषध नकोच. खोडावर किंवा फांदीच्या बेचक्यात पांढरं लोकरीसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते नखाने दाबून बघा, गुलाबी रस आला तर ती याची सालीवरची खवले कीड. मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने खोड घासून काढायचं आणि त्या झाडाच्या काड्या कुणाला द्यायच्या नाहीत.

आता काड्या, ज्यासाठी तुम्ही मुख्य विचारलंय. कुजल्या त्याचं कारण तुमच्या वर्णनातच आहे. भर हंगामात कोवळ्या हिरव्या काड्या घेतल्यात, आणि त्या साध्या बागेच्या मातीत, वर काही झाकण न घालता, रोज पाणी घालून ठेवल्यात. कोवळ्या काडीला हवा दमट आणि माध्यम हवेशीर लागतं, तुमच्याकडे बरोबर उलटं झालं, हवा कोरडी आणि माती चिखल. वय आणि पद्धत जुळली नाही एवढंच.

कोवळी काडी हंगामाच्या सुरुवातीला घ्यायची, फूट बोटभर-वीतभर झाली आणि काडी वाकवली तर मोडण्याइतपत भरली की. कळी आलेली काडी नको. सकाळी लवकर कापा, १० ते १५ सेंमी लांब, तीन-चार पेरं असलेली, पेराच्या अगदी खाली काप द्या. खालची पानं काढा, वरची दोन-चार ठेवा, मोठी असली तर अर्धी कापा. बुडाला रूटिंग पावडर लावा, आयबीए (मुळं फुटवणारं संप्रेरक) असलेली कुठलीही चालते, बोटाने टिचकी मारून जास्तीची झटका. हे झाड पावडरीशिवायही मुळं धरतं, पण लावल्याने ती लवकर आणि सगळ्या बाजूंनी येतात. माध्यमात कोकोपीट आणि परलाइट (हलके पांढरे खडे) निम्मं-निम्मं, परलाइट नसेल तर धुतलेली भरड वाळू. आधी माध्यम ओलं करून मुठीत पिळा, एखादा थेंब यावा, धार नको. काडी घासत खुपसू नका, आधी पेन्सिलीने भोक पाडा, नाहीतर पावडर वरच राहते. वरून पारदर्शक पिशवी किंवा अर्धी कापलेली बाटली झाकण म्हणून, आणि जागा उजेडाची पण थेट ऊन नसलेली, कारण उन्हात पिशवीतली काडी शिजते. दोन-तीन दिवसांनी थोडा वेळ उघडा, पडलेली पानं उचला. तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. मी हल्ली पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात लावते आणि तो ग्लास दुसऱ्या रंगीत ग्लासात ठेवते म्हणजे मुळांना अंधार मिळतो, आणि बाहेर काढून बघितलं की पांढरे दोरे ग्लासच्या भिंतीला लागलेले दिसतात, काडी उपटून बघायचा मोह होत नाही.

हंगामाच्या मध्यानंतर त्याच फांद्या अर्धवट पिकतात, बुडाकडे तपकिरी आणि शेंड्याकडे हिरव्या. त्यांचीही रीत हीच, थोडा वेळ जास्त लागतो पण कुजायचं प्रमाण कमी. पहिल्यांदा करणाऱ्याला मी याच काड्या सांगते.

तिसरी पद्धत पानगळीनंतरची, आणि तुमच्याकडे झाकायला जागा, वेळ नसेल तर हीच सगळ्यात सोपी. नुकत्याच सरलेल्या हंगामातली पूर्ण पिकलेली फांदी, पेन्सिलीएवढी जाड, १५ ते २० सेंमीचे तुकडे. खालचा काप सरळ आणि वरचा तिरका ठेवा म्हणजे उलटी लावली जात नाही. वर एक-दोन डोळे ठेवून बाकी काडी मातीत गाडा, जमिनीत किंवा खोल कुंडीत, ओल राखा आणि विसरून जा. यात एक फसगत आहे. वसंतात या काड्यांना पानं फुटतात ती काडीतल्या साठ्यावर, खाली तेव्हा मूळ असेलच असं नाही. पहिल्या वर्षी पालवी बघून मी आनंदाने एक काडी उपटली, खाली फक्त पांढरट गाठीसारखं काहीतरी, मूळ एकही नाही. तिच्या शेजारच्या काड्यांना मी हात लावला नाही आणि त्यांना दीड महिन्याने मुळं आली. पालवी थांबून पुन्हा नव्याने वाढायला लागली, पानांची दुसरी खेप आली, की खाली मुळं आहेत असं समजा. छाटणीत निघालेल्या काटक्यांतूनच या काड्या निवडायच्या.

बुंध्याजवळ मुनवा आला असेल तर तो मुळासकट खणून वेगळा करणं हा आणखी सोपा मार्ग, ही झाडं सहसा स्वतःच्याच मुळांवर असतात त्यामुळे मुनवा आईसारखाच निघतो. गुटी कलमही होतं, पण जे साध्या काडीने येतं त्यासाठी एवढी खटपट मी करत नाही.

बियांचं म्हणाल तर बोंडं तपकिरी होऊन सहा फाकांत उघडतात, आत पंख असलेलं बारीक बी. ओल्या माध्यमावर पसरून नुसतं दाबायचं, वर माती अगदी नावाला, २० ते २५ अंशांत दोन-तीन आठवड्यांत उगवतं. पण रंग आईसारखा येईल याची खात्री नाही, उंचीचीही नाही. तुम्हाला तोच गुलाबी हवाय, तेव्हा काडीच लावा. फक्त नवीन जातींपैकी काहींवर पेटंट असतं, लेबलवर तसं लिहिलेलं असेल तर त्याची कलमं करायची नाहीत.

मुळं धरलेली काडी छोट्या कुंडीत लावताना लगेच उघडी करू नका, आठ-दहा दिवस पिशवी थोडी थोडी जास्त वेळ उघडत न्या, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन. कितीतरी काड्या मुळं आल्यानंतर याच टप्प्यावर जातात. पहिल्या वर्षी शेंडा एकदा खुडा म्हणजे खालून फांद्या फुटतात, आणि लहानशा रोपावर तुरा आलाच तर तो काढा, मला दरवेळी जीवावर येतं पण काढते. पहिल्या थंडीत रोपाची पानं गळतील, तेव्हा पाणी कमी करा, माती फक्त कोरडी ठणठणीत होऊ देऊ नका, आणि कुंडी कडाक्याच्या गारठ्यापासून आडोशाला ठेवा. बाकीच्या बागेला पालवी फुटली तरी हे झाड उशिरा जागं होतं, मोठंही आणि लहानही, त्यामुळे मेलं असं ठरवायची घाई करू नका. शंका आलीच तर काडी नखाने हलकं खरवडा, खाली हिरवं दिसलं तर जिवंत आहे, तपकिरी दिसलं तर अजून दोन बोटं खाली खरवडा, आणि अगदी मातीपाशीसुद्धा हिरवं मिळालं तरी कुंडी टाकू नका, तिथून फुटतं.